कडेचा जोंधळा

“गाठोडं खाली ठेव,” अंकुश म्हणाला.

आई बांधावरच थांबली. तिच्या डोक्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. मी मागून खुरपी घेऊन चालले होते. दिवस कलला होता आणि आम्ही घराकडे निघालो होतो. अंकुश वाटेत आडवा उभा होता, त्याच्या मागे त्यांचा सालगडी.

“सरवा हाय, मालक,” आई म्हणाली. “वेल उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा उकरल्यात. सकाळपासून मायलेकी खपायलोत.”

“खळ्यावरची दोन पोती गेलीत. खाली ठेव म्हणतो ना.”

आईनं गाठोडं खाली ठेवलं. सालगड्यानं ते उचलून खांद्यावर घेतलं. त्याचं आमच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं, हे मला आजही आठवतं.

“दोन पोती ह्या फडक्यात मावतील का, मालक?” आईनं शांतपणे विचारलं.

“ते उद्या चावडीवर सांग.”

काढणी झाल्यावर रानात जे सांडतं, राहतं, त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. तो वेचायला सहसा कुणाची ना नसते. त्या वर्षी आम्हा दोघींचं पोट त्यावरच होतं. माझा बाप विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. चुलत्यांनी वर्षश्राद्ध होईपर्यंत आम्हाला ठेवून घेतलं आणि मग घराबाहेर काढलं. आई मला घेऊन गोदावरीच्या अलीकडं आली, जालन्याच्या बाजूला, कुणीतरी सांगितलं होतं की इकडं मोसंबीच्या बागा आहेत, काम मिळतं म्हणून. काम कधी मिळायचं, कधी नाही. गायरानाच्या कडेला तुराट्यांचा कूड उभारून आम्ही राहत होतो. गावाच्या लेखी आम्ही ‘नदीपलीकडच्या बाया’ होतो. माझं नाव द्वारका आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. आई कुडाला टेकून बसली होती. मी म्हटलं, “आपण काही केलं नाही ना, मग कशाला घाबरायचं?”

आई म्हणाली, “तू उद्या माझ्यामागं उभी राहायचं. पुढं यायचं नाही. कोणी काही विचारलं तरी खाली बघायचं.”

“का?”

“सांगते तेवढं ऐक, द्वारके.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल बोलवायला आला. चावडीपुढच्या लिंबाखाली माणसं जमली होती. गावाला सरपंच होता, पंच होते, पण निवाडा असायचा तो भगवानराव मुळ्यांचा. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गावातली निम्मी बागायत त्यांची, आणि शेंगाही त्यांच्याच रानातल्या. अंकुश त्यांचा धाकटा मुलगा. म्हणजे तक्रार मुलाची होती आणि न्याय बाप करणार होता. हे कुणाला खटकलं असेल, तरी तसं कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं.

अण्णा वाईट बोलले नाहीत. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी आईला बसायला सांगितलं. आई बसली नाही.

“बाई, पोटासाठी माणूस काय काय करतो, मला माहीत हाय. कबूल करून टाक. मी काही तुला पोलिसात देत नाही.”

“केलं नाही ते कसं कबूल करू, अण्णा?”

“मग पोती गेली कुठं? काल रानात तुम्ही दोघीच होता.”

“आम्ही वेल उपटलेल्या पट्ट्यात होतो. खळ्याकडं फिरकलो पण नाही.”

“कोणी पाहिलं?”

आमच्या बाजूनं बोलेल असं त्या गावात आमचं होतं कोण?

अण्णा सगळ्यांकडं बघत म्हणाले, “बाई गरीब हाय. तिच्याकडून भरपाई काय घेणार? मी म्हणतो, हिची पोरगी दोन साल आमच्या मळ्यावर राहू दे. शेणपाणी करील, घरात हाताखाली राहील. खायला-प्यायला आमच्याकडं. नुकसान भरून निघेल आणि पोरीचंही पोट भरेल.”

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा तर म्हणाला, “अण्णांचं काळीज मोठं हाय.” मी आईच्या मागून बघितलं, अंकुश हाताची घडी घालून उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. चौदावं लागलं होतं मला. त्या बघण्याचा अर्थ मला नीट कळला नाही, पण मी आईच्या पदराआड सरकले. आईला मात्र अर्थ कळला होता. आदल्या संध्याकाळपासूनच कळला होता.

“मला पोलिसात द्या, अण्णा,” आई म्हणाली.

“काय?”

“मला द्या. पोरगी देणार नाही.”

“आणि तू आत गेल्यावर पोरगी कुठं राहणार?” अण्णांनी तितक्याच मऊ आवाजात विचारलं.

आईनं मागं हात करून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

तेवढ्यात गर्दीच्या अगदी शेवटी, जिथं चावडीची सावली संपत होती, तिथून एक माणूस उठून उभा राहिला. उंच, हडकुळा, डोक्याला पांढरं मुंडासं. तो याकोब हिवाळे होता. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची चार घरं होती, त्यातलं एक त्यांचं. त्यांचं रान मुळ्यांच्या रानाला लागून होतं, मध्ये फक्त बांध. आम्ही सरवा वेचायचो तेव्हा ते पलीकडं आपल्या मोसंबीच्या झाडांना आळी करताना दिसायचे. कधी बोलणं झालं नव्हतं. तशीही त्यांना फार बोलायची सवय नव्हती. चावडीवर ते नेहमी कडेला बसायचे आणि कडेनंच निघून जायचे.

“अण्णा, मला थोडं सांगायचंय,” ते म्हणाले.

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग हसून विचारलं, “काय याकोबा, मोसंबी कशी हाय?”

“बरी हायेत झाडं. पुढल्या साली फळ धरतील.”

“पाणी पुरतंय ना?”

“पुरतंय. तुमच्या विहिरीचं हाय, पुरणारच.”

“मग बस की खाली. उगा उन्हात कशाला उभा?”

मला वाटलं, मोठी माणसं बोलताना आधी एकमेकांची खुशाली विचारतात, तसंच हे. याकोबबाबा मात्र बसले नाहीत. त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं. दोन्ही मुठीत ते घट्ट धरलं होतं.

“मी काल दिवसभर माझ्या बागेत होतो,” ते म्हणाले. “ह्या दोघी मायलेकी खालच्या पट्ट्यात होत्या. भाकरी खायलासुद्धा बांधावरच बसल्या. खळ्यावर त्यांनी पाऊल टाकलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं.”

“मग पोती काय उडून गेली?” अंकुश म्हणाला.

“उडून नाही गेली. टेम्पोत चढली. भर दुपारी, अण्णा तालुक्याला गेले होते तेव्हा. चढवणारा इथंच उभा हाय. नाव त्यानंच सांगावं. बापापुढं मी कशाला सांगू?”

अण्णांनी मान वळवून मुलाकडं पाहिलं. अंकुशनं एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं, आणि मग त्याची नजर जमिनीकडं गेली. अण्णांनी काठी उचलली.

“झालं,” ते म्हणाले. “उठा सगळे.”

कुणी आईची माफी मागितली नाही. कुणी अंकुशला काही विचारलंही नाही. माणसं धोतरं झटकत निघून गेली, जणू तिथं काही घडलंच नव्हतं. आमचं गाठोडं चावडीच्या ओट्यावर तसंच पडलं होतं. याकोबबाबांनी ते उचललं, आणि सगळ्या गावादेखत आईच्या डोक्यावर ठेवलं.

आई म्हणाली, “भाऊ, तुमचे उपकार—”

“पाहिलं ते सांगितलं,” ते म्हणाले, आणि खालच्या आळीकडं चालू लागले.

त्यानंतर गावात आम्हाला कुणी रानात येऊ देईना. तोंडानं कुणी नाही म्हणायचं नाही. पण आम्ही बांधावर दिसलो की कुणीतरी गुरं सोडायचं, कुणी म्हणायचं, आता काही राहिलं नाही बाई, उगा कशाला कष्ट करता. अण्णांच्या मर्जीबाहेर कुणाला जायचं नव्हतं. थंडीचे ते महिने आम्ही कसे काढले ते मी सांगत बसत नाही. आई लांबच्या वाडीवर धुणीभांडी करायला जायची आणि मला एकटीला मागं ठेवायची नाही.

माघात जोंधळा काढायला आला. एक दिवस याकोबबाबा स्वतः आमच्या कुडापाशी आले. दाराबाहेरच थांबले.

“गयाबाई, उद्या आमच्या रानात या. जोंधळा काढून झालाय. कडा ठेवल्यात.”

“कडा म्हणजे?”

“बांधाच्या कडेचा जोंधळा आम्ही कापत नाही. तेवढा उभाच ठेवतो. आणि काढताना एखादी पेंढी रानात विसरली, तर ती आणायला माघारी जात नाही.”

आईनं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. फुकट काही देणाऱ्या माणसाची तिला त्या दिवसांत भीती वाटायची. “का नाही कापत?”

“तसं सांगितलंय.”

“कोणी?”

“आमच्या शास्त्रात हाय. देवानं आपल्या लोकांना रानं दिली, तेव्हाच सांगून ठेवलं. पीक काढताना कोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका. ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं.” मग त्यांना हसू आलं, पहिल्यांदाच. “मी त्या दिवशी बागेतून बघत होतो. आमच्या शास्त्रातली तिघं माणसं तुम्हा दोघींतच बसतात.”

आई हसली नाही. “भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. मी आजवर कुणापुढं हात पसरला नाही. सरवा वेचला तो कष्टानं वेचला. उभं पीक कुणाचं घेणार नाही. भीक नको.”

“भीक कशी?” याकोबबाबा खरंच गोंधळले. “ते माझं नाहीच. माझं नाही ते मी तुम्हाला भीक म्हणून कसं देणार? तुमचं तुम्ही घेऊन जायचंय. नाही नेलं तर तिथंच उभं राहील आणि पाखरं खातील.”

आईनं जरा अडखळत विचारलं, “त्यासाठी आम्ही तुमच्या धर्मात यायचं का?”

“त्यात तसं काही नाही,” ते म्हणाले. “आधी धर्म विचारा आणि मग कडा सोडा, असं कुठंच आलेलं नाही. मी बघितलंय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बांधाच्या कडेनं चारी अंगांनी पिकलेला जोंधळा उभा होता, आणि मधलं सगळं रान मोकळं. आईनं पहिलं कणीस खुडलं आणि कपाळाला लावलं. मग आम्ही दोघी न बोलता कापत राहिलो. त्या दिवशी आईची चाल निराळी होती. आपल्या मालकीच्या रानात बाई जशी वावरते, तशी ती वावरत होती. बाप गेल्यापासून मी तिला तशी पाहिली नव्हती.

याकोबबाबांच्या बायकोचं नाव मार्थाबाई. त्या दुपारी रानात आल्या, आमच्यापुढं पाण्याची कळशी ठेवली आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. आठवडाभर रोज तसंच. पाणी ठेवायच्या, तोंड फिरवायच्या. आई म्हणायची, “त्यांना आपलं येणं आवडत नाही. साहजिक हाय. त्यांच्याही घरात काही धान्याची कोठारं भरलेली नाहीत.”

फाल्गुनात याकोबबाबा परत आले. त्यांच्याकडं महिन्यातून एकदा जालन्याच्या चर्चचे पाळक यायचे आणि त्यांच्या अंगणात उपासना व्हायची. पाळकांशी त्यांनी बोलणं केलं होतं. जालन्याला मुलींचं वसतिगृह होतं, तिथं स्वयंपाकाला बाई हवी होती.

“तुम्ही इथं राहू नका,” ते आईला म्हणाले. “अण्णा वरून गप्प हायेत. पण अंकुश काही विसरायचा नाही. तिथं पोरगी शाळेत जाईल. तुमच्या नजरेसमोर राहील. राहायला खोली देतायत.”

आईनं यावेळी का, कोणी सांगितलं, काही विचारलं नाही. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते झटकन मागं सरकले. “माझ्या नाही,” म्हणाले, “माझ्या पाया पडायचं नाही.”

एसटी फाट्यावर थांबायची. ते आम्हाला सोडायला आले. कडेच्या जोंधळ्याचं पोतं त्यांनी स्वतः टपावर चढवलं. गाडी निघाली तेव्हा ते मुंडासं हातात धरून उभे होते, चावडीवर उभे राहिले होते तसेच.

पुढचं आयुष्य सांगायला सोपं आहे, जगायला तितकं नव्हतं. माझ्याहून लहान पोरींबरोबर मी पाचवीच्या वर्गात बसले. आई वसतिगृहात भाकऱ्या थापायची. सातवी झाली, दहावी झाली, मग मी नर्सिंग केलं. परभणीकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. आई शेवटपर्यंत माझ्याकडं होती. गावाकडं जायचं म्हणून दर वर्षी ठरायचं आणि राहायचं. चिठ्ठी पाठवली की याकोबबाबांचं दोन ओळींचं उत्तर यायचं, सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा आहे. नंतर उत्तरं थांबली.

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाली, “हिवाळेभाऊंना भेटून ये. मी गेले म्हणून सांग. आणि सांग, की गयाला म्हातारपणी कुणापुढं हात पसरावा लागला नाही.”

मी गेले तेव्हा याकोबबाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मार्थाबाई होत्या. कमरेत वाकलेल्या, पण डोळे तसेच. मी नाव सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, “आलीस होय. ये, बस.”

मी त्यांच्यासाठी नेलेलं लुगडं पुढं ठेवलं. आईचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग मी सहज विचारलं, “बाई, येताना मी रानाकडून आले. बाबांची बाग दिसली नाही. नवीन लागवड करायची म्हणून काढली का?”

“तुम्हाला त्यांनी कळवलं नाही?”

“काय?”

“नाही कळवणार,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “त्यांचा स्वभावच तसला.”

मग त्यांनी सांगितलं. याकोबबाबांच्या रानात पाणी नव्हतं. मुळ्यांच्या विहिरीवरून त्यांना पाणी मिळायचं, अण्णांच्या वडिलांच्या शब्दावर, कागद ना काही. त्या पाण्याच्या भरवशावर त्यांनी मुरमाड रानात खड्डे खणून, लांबून गाळाची माती आणून मोसंबी लावली होती. त्यांच्या अख्ख्या जन्माची ती कमाई होती.

“चावडीवर पाण्याचं विचारलं होतं ना अण्णांनी,” मी म्हणाले.

“विचारलं होतं. सगळ्या गावाला कळलं काय विचारलं ते. तू पोर होतीस.” मार्थाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “लगेच नाही तोडलं त्यांनी. लोक नावं ठेवतील म्हणून थांबले. चैत्र लागला आणि सांगून पाठवलं, विहिरीत पाणी नाही. त्यांच्या उसाला पाणी जाताना आम्हाला दिसायचं. आमचे हे ओढ्याच्या डोहातून कावडीनं पाणी घालायचे. खांदे सोलून निघाले. डोह आटला. वैशाखात सगळी झाडं वाळली. पुढल्या साली फळ धरणार होती.”

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“बाबांना ठाऊक होतं? उठून उभे राहिले तेव्हा?”

“अगं, त्यांना काय, मला पण ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी मी त्यांचं एकुलतं बरं धोतर पाण्यात भिजत घातलं. म्हटलं, चावडीवर जायला धोतरच नसलं तर बसतील घरात. तसंच पिळलं, ओलं नेसले आणि गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, मार्था, मुक्या माणसासाठी तोंड उघड म्हणून आपण दर रविवारी वाचतो. आज नाही उघडलं, तर येत्या रविवारी मी वाचू कसं?”

त्या हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. “तुझ्या आईचा मला लई राग होता. खोटं कशाला बोलू? तुम्ही जोंधळा काढायला यायचा, तेव्हा मला पुढचं सगळं दिसत होतं. पाणी आणून ठेवायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तुमचा काही दोष नव्हता, तेही कळायचं. पण राग यायचा.”

“बाई, तुम्ही तरीसुद्धा पाणी आणत होता.”

“मग काय करते? ऊन होतं.”

मी त्यांचा हात हातात घेतला. नुसत्या शिरा आणि हाडं. त्यांनी काढून घेतला नाही.

“बाबांना कधी पश्चात्ताप झाला का?” मी विचारलं.

मार्थाबाईंनी चुलीकडं पाहिलं.

“वाळलेली झाडं तोडून सरपण केलं, त्या दिवशी ते रडले,” त्या म्हणाल्या. “तो एकच दिवस. संध्याकाळी भाकरी वाढली, तर नेहमीसारखे हात जोडून आभार मानायला लागले. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, आज कशाचे आभार? काय राहिलंय आपल्याकडं? तर म्हणाले, जालन्याला आता जेवणाची घंटा झाली असेल. द्वारका पानावर बसली असेल.”

मला पुढचं काही दिसेना. वसतिगृहाची ती संध्याकाळची घंटा, ओळीनं मांडलेल्या थाळ्या, आईच्या हातची गरम भाकरी, शेजारच्या पोरीशी चाललेली माझी कुजबूज. वर्षानुवर्षं मी तिथं पोटभर जेवले होते. त्याच वेळी एक माणूस बाग गमावून आपल्या घरात बसून माझ्या जेवणाचे आभार मानत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“त्या दिवसापासून रोज तसंच,” मार्थाबाई म्हणाल्या. “पहिले काही महिने मी नुसती ऐकायची. मग मी पण म्हणायला लागले. पुढं तुझं लग्न झाल्याची चिठ्ठी आली, तरी ह्यांच्या आभारात तू वसतिगृहातच जेवत होतीस.”

मी पुढच्या काही वर्षांचं विचारलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. याकोबबाबा दुसऱ्यांच्या बागेत कामाला गेले. कोरडवाहू जोंधळा पिकवत राहिले. अंकुश पुढं गावचा सरपंच झाला. लेकानं मोठं झाल्यावर बोअर घेतलं, आता रानात कापूस असतो.

“आणि कडा?” मी विचारलं.

“पोरगा म्हणतो, आता सरवा वेचायला कोण येतंय? मी म्हणते, येतील न येतील. तू ठेव.”

मी जायला उठले, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. “जेवल्याशिवाय जायचं नाही.” पिठलं केलं, भाकरी केली. वाकलेल्या पाठीनं त्या चुलीपुढं बसल्या होत्या आणि मला कशालाही हात लावू देत नव्हत्या. दोन ताटल्या मांडल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “आज तू म्हण.”

“बाई, मला तुमची प्रार्थना येत नाही.”

“त्यांना तरी कुठं येत होती? जे असेल ते म्हण.”

मी हात जोडले. वाटलं, एखाद-दोन वाक्यांत होईल. याकोबबाबांच्या नावानं सुरुवात केली. मग आईचं नाव आलं. मग मोसंबीची झाडं आली, उन्हात आणून ठेवलेलं पाणी आलं, ओलं धोतर आलं, वसतिगृहातली ताटं आली, माझ्या हातून सुखरूप बाळंत झालेल्या बाया आल्या, माझी मुलं आली. एक संपलं की दुसरं आठवत होतं. भाकरी गार होऊन गेली. मध्येच मी डोळे किलकिले करून पाहिलं. मार्थाबाईंनी हात जोडलेले होते, मान खाली होती, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.